पराभवाचा नफा : ॲथलेटिक्स संघाच्या निमित्ताने अमेरिकन बेसबॉलमधील मालकनीतीची चिकित्सा

सारांश :
अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल या व्यावसायिक साखळी स्पर्धेत काही संघमालक सक्षम संघ उभा करण्याऐवजी खर्च आखडता ठेवून नफा पदरात पाडून घेतात, असा आक्षेप दीर्घकाळ घेतला जात आहे. प्रस्तुत लेखात फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी व ओकलंड असा प्रवास केलेल्या ॲथलेटिक्स या संघाच्या इतिहासाच्या आधारे या आक्षेपाची चिकित्सा केली आहे. दोष केवळ व्यक्तींच्या लोभात नसून पराभूत संघालाही नफा मिळवून देणाऱ्या रचनेत आहे. मात्र रचनेकडे बोट दाखवून मालकांची जबाबदारी संपत नाही, ही या लेखाची भूमिका आहे.

बीजशब्द : बेसबॉल, संघमालक, महसूल वाटप, राखीव कलम, स्पर्धात्मक समतोल, मक्तेदारी.

१. प्रास्ताविक

निकृष्ट माल विकणारा दुकानदार बाजारात फार काळ टिकत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ होय. ग्राहक शेजारच्या दुकानाकडे वळतो आणि त्या भीतीपोटी दुकानदाराला मालाचा दर्जा राखावा लागतो. व्यावसायिक खेळ हा या पाठाला मोठा अपवाद आहे. आपल्या गावाचा संघ हरू लागला म्हणून प्रेक्षक दुसऱ्या गावाच्या संघाचा होत नाही. तो चिडतो, प्रसंगी मैदानावर जाणे बंद करतो, परंतु निष्ठा बदलत नाही. ही निष्ठा हेच संघमालकाचे सर्वांत सुरक्षित भांडवल ठरते.

१३ जून २०२३ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात या निष्ठेचे एक विलक्षण दर्शन घडले. त्या हंगामात ॲथलेटिक्स संघाच्या घरच्या सामन्यांना सरासरी दहा हजारांच्या आसपास प्रेक्षक येत होते. त्या रात्री मात्र २७,७५९ प्रेक्षक आले. संघ तळाशी होता. चाहत्यांनी आपसांत ठरवून हा ‘उलटा बहिष्कार’ योजला होता. अनेकांच्या अंगावर हिरवे सदरे होते आणि त्यांवर मालकाला उद्देशून एकच शब्द छापलेला होता : ‘विका’. शहरात प्रेक्षक उरले नाहीत, म्हणून संघ हलवावा लागतो, या युक्तिवादाला ते उत्तर होते. त्या रात्री संघ २-१ असा जिंकलाही. परंतु त्याच आठवड्यात नेवाडा राज्याच्या विधिमंडळाने लास व्हेगास येथील नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक निधीस मंजुरी दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्व ३० संघांच्या मालकांनी स्थलांतराला एकमताने मान्यता दिली आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमधील शेवटचा सामना झाला.

आंतरविद्यापीठीय स्पर्धांमुळे बेसबॉल आणि सॉफ्टबॉल ही नावे आपल्या महाविद्यालयीन वर्तुळास अपरिचित नाहीत. तथापि या खेळामागील अर्थव्यवहाराची चर्चा मराठीत क्वचितच होते. त्या दृष्टीने प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) संघमालकांच्या नफाकेंद्री वर्तनाची ऐतिहासिक परंपरा तपासणे, (२) पराभवातून नफा कसा निर्माण होतो, ती यंत्रणा स्पष्ट करणे, (३) मालकांच्या समर्थनार्थ केल्या जाणाऱ्या युक्तिवादांचे मूल्यमापन करणे. विवेचन वर्णनात्मक व चिकित्सक पद्धतीचे असून न्यायनिर्णय, खेळाडू संघटनेशी झालेले सामूहिक करार, संघांची कामगिरी आणि क्रीडा-अर्थशास्त्रातील सिद्धांत यांचा आधार घेतला आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

नफ्यासाठी संघ मोडण्याची प्रथा या खेळाच्या व्यावसायिक रूपाइतकीच जुनी आहे. १८९९ च्या हंगामापूर्वी क्लीव्हलंड स्पायडर्स संघाच्या मालकबंधूंनी सेंट लुईस येथील संघही ताब्यात घेतला आणि क्लीव्हलंडचे उत्तम खेळाडू तिकडे हलविले. क्लीव्हलंडने त्या वर्षी १५४ पैकी १३४ सामने गमावले आणि हंगाम संपल्यावर तो संघच बंद झाला. १९१९ च्या डिसेंबरात बोस्टन रेड सॉक्सचा मालक आणि नाट्यनिर्माता हॅरी फ्रेझी याने बेब रूथ या खेळाडूची न्यूयॉर्क यँकीजला एक लाख डॉलरना विक्री केली. १९१८ मध्ये विजेतेपद मिळविलेल्या बोस्टनला पुढील विजेतेपदासाठी २००४ पर्यंत वाट पाहावी लागली.

ॲथलेटिक्स संघाचा इतिहास या संदर्भात विशेष बोलका आहे, कारण एकाच संघाच्या चरित्रात ही प्रथा वेगवेगळ्या रूपांत पुनःपुन्हा दिसते. १९०१ मध्ये फिलाडेल्फिया येथे स्थापन झालेल्या या संघाचा व्यवस्थापक आणि पुढे मालक कॉनी मॅक हा होता. १९१०, १९११ आणि १९१३ साली विजेता ठरलेला संघ १९१४ च्या अंतिम मालिकेत पराभूत झाला आणि मॅकने खेळाडू विकावयास प्रारंभ केला. १९१५ मध्ये संघ ४३ विजय व १०९ पराभव अशा स्थितीत तळाशी गेला. १९१६ मध्ये पराभवांची संख्या ११७ झाली. १९२९ व १९३० च्या विजेतेपदांनंतर महामंदीच्या काळात त्याने हेच पुन्हा केले. येथे एक भेद नोंदविणे न्याय्य ठरेल. मॅकला बेसबॉलव्यतिरिक्त उत्पन्नाचे दुसरे साधन नव्हते. १९१४ मध्ये नव्या फेडरल लीगमुळे वेतने वाढली होती आणि पुढे मंदीने प्रेक्षक घटले. त्याची विक्री ही बऱ्याच अंशी निर्वाहाची विक्री होती. परंतु संघ मोडून मालक तरतो, हा धडा मात्र त्यातून रूढ झाला.

१९५५ मध्ये संघ कॅन्सस सिटीस गेला. नवा मालक अर्नोल्ड जॉन्सन याचे यँकीजशी आधीपासून व्यावसायिक संबंध होते. त्याच्या काळात या संघाचे अनेक गुणी खेळाडू न्यूयॉर्कला गेले. पुढे १९६१ मध्ये ६१ होमरनचा विक्रम करणारा रॉजर मॅरिस हा त्यांपैकीच एक. त्यानंतरचा मालक चार्ल्स फिन्ली याने १९६८ मध्ये संघ ओकलंडला नेला. तेथे १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन विजेतेपदे मिळाली. जून १९७६ मध्ये फिन्लीने तीन प्रमुख खेळाडू एकूण ३५ लाख डॉलरना विकण्याचा व्यवहार केला. आयुक्त बोवी कून यांनी ‘खेळाच्या हिता’चे कारण देऊन तो रद्द ठरविला आणि १९७८ मध्ये अपील न्यायालयानेही आयुक्तांचा अधिकार मान्य केला. मात्र खेळाडू मुक्त होऊन निघून गेलेच. १९७९ मध्ये संघाने १०८ सामने गमावले.

या साऱ्या घडामोडींना कायद्याचे कवच होते. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नाही असे ठरविले आणि त्यामुळे मक्तेदारी प्रतिबंधक कायदा या खेळास लागू झाला नाही. १९५३ व १९७२ मध्येही ही सवलत कायम राहिली. १९९८ च्या कर्ट फ्लड कायद्याने ती केवळ मेजर लीग खेळाडूंच्या नोकरीसंबंधीच्या बाबींपुरती काढून घेतली. खेळाडूला एकाच मालकाशी बांधून ठेवणारे ‘राखीव कलम’ १९७५ च्या अखेरीस पीटर सेइट्झ या लवादाच्या निर्णयाने निष्प्रभ झाले. त्यापूर्वी मालकांचा दावा असा होता की, हे कलम नसेल तर श्रीमंत संघ सर्व उत्तम खेळाडू पळवतील. १९५६ मध्ये सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने हा दावा फोल ठरविला. कलम असो वा नसो, खेळाडू शेवटी जेथे त्याचे आर्थिक मूल्य अधिक तेथेच जातो. फरक एवढाच की कलम असताना ते पैसे खेळाडूऐवजी त्याला विकणाऱ्या मालकाच्या खिशात जातात. रूथ आणि मॅरिस यांची उदाहरणे या सिद्धांताचीच साक्ष देतात.

३. पराभवातून नफा : यंत्रणेचे स्वरूप

वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये मांडलेला विचार येथे पायाभूत आहे. मुष्टियोद्धा जो लुई याला नाव आणि पैसा मिळविण्यासाठी मॅक्स श्मेलिंगसारखा तुल्यबळ प्रतिस्पर्धी हवा होता. अर्थात खेळात प्रतिस्पर्ध्याचा नायनाट करून व्यवसाय वाढत नाही. सामना हे दोन्ही संघांचे संयुक्त उत्पादन असते. यावरूनच दुर्बल संघांना उत्पन्नात वाटा देण्याची कल्पना पुढे आली. कल्पना योग्य होती, पण तिच्या अंमलबजावणीत एक मोठी फट राहिली.

पहिली बाब महसूल वाटपाची. राष्ट्रीय प्रक्षेपणाचे उत्पन्न सर्व संघांत समान वाटले जाते. त्याखेरीज १९९६ च्या करारापासून स्थानिक उत्पन्नाचाही काही भाग एकत्र करून कमी उत्पन्नाच्या संघांकडे वळविला जातो. ही रक्कम मैदानावरील कामगिरी सुधारण्यासाठी वापरावी, असे करारात नमूद आहे. परंतु किमान वेतनखर्चाची सक्तीची मर्यादा नाही. वरच्या बाजूस मात्र विशिष्ट रकमेपलीकडील वेतनखर्चावर कर आहे. २०२२ मध्ये ही रक्कम २३ कोटी डॉलर होती. म्हणजे अधिक खर्च करणाऱ्यास दंड आहे, पण मुद्दाम कमी खर्च करणाऱ्यास जवळजवळ काहीच नाही.

दुसरी बाब तरुण खेळाडूंच्या वेतनाची. मेजर लीगमधील पहिली सुमारे तीन वर्षे खेळाडूला संघ देईल ते, किमान वेतनाच्या आसपासचे, मानधन स्वीकारावे लागते. त्यानंतर लवादाचा मार्ग खुला होतो आणि सहा वर्षांची सेवा झाल्यावरच तो मुक्त होतो. म्हणून मालकाच्या दृष्टीने आदर्श खेळाडू म्हणजे तीन-चार वर्षे स्वस्तात खेळणारा आणि महाग होण्याच्या बेतात असताना विकता येणारा. प्रेक्षक ज्या खेळाडूच्या नावाचा सदरा विकत घेतो, तो नेमका त्याच सुमारास दुसऱ्या गावी गेलेला असतो.

तिसरी बाब मालमत्तेच्या मूल्याची. संघांची संख्या ३० पुरती मर्यादित आहे, नवा संघ काढण्यास जुन्या मालकांची संमती लागते आणि युरोपीय फुटबॉलप्रमाणे तळाच्या संघाची खालच्या श्रेणीत घसरण होत नाही. त्यामुळे संघ हरला तरी त्याची किंमत वाढतच राहते. शिवाय २००४ च्या कायद्यान्वये संघाच्या खरेदी किमतीची १५ वर्षांत करहिशेबात वजावट घेता येते. चौथी बाब सार्वजनिक निधीची. शहर सोडून जाण्याची धमकी ही संघमालकाजवळील सर्वांत प्रभावी वाटाघाटीची चाल आहे. धमकी परिणामकारक व्हावी यासाठी रिकामी आसने उपयोगी पडतात. १९८९ च्या ‘मेजर लीग’ या विनोदी चित्रपटातील मालकीण संघ दुसऱ्या शहरी नेता यावा म्हणून मुद्दाम दुबळा संघ उभारते. तेव्हा तो विनोद होता. ओकलंडच्या प्रेक्षकांना तो पुढे विनोद वाटला नसावा.

४. तीन संघांची उदाहरणे

पिट्सबर्ग पायरेट्स हा संघ १९९३ ते २०१२ असे सलग २० हंगाम विजयांपेक्षा अधिक पराभव पत्करत राहिला. उत्तर अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक खेळांत असा दुसरा दाखला नाही. याच काळात, २००१ मध्ये, बहुतांशी सार्वजनिक निधीतून बांधलेले सुंदर मैदान त्याला मिळाले. २०१० च्या ऑगस्टमध्ये काही संघांची गोपनीय आर्थिक कागदपत्रे फुटली. त्यांनुसार २००७ व २००८ या दोन तोट्याच्या म्हणाव्यात अशा हंगामांत पायरेट्सला मिळून सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर नफा झाला होता. मैदानावर तोटा आणि ताळेबंदात नफा, हे चित्र प्रथमच आकड्यांनिशी समोर आले. २००८ च्या जुलैअखेर जेसन बे या संघाच्या आघाडीच्या फलंदाजास बोस्टनकडे धाडण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पायरेट्सने एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग व दिनेश पटेल या दोन भारतीय तरुणांशी करार केला. भारतीय वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण ज्या संघाने त्यांना घेतले त्याची तत्कालीन स्थिती आपल्याकडे फारशी कोणी सांगितली नाही.

मार्लिन्स हे दुसरे उदाहरण. १९९७ मध्ये विजेता ठरलेला हा संघ मालक वेन हायझेंगा याने लगेच मोडला आणि १९९८ मध्ये त्याने १०८ सामने गमावले. २००२ मध्ये जेफ्री लोरिया याने तो सुमारे १५ कोटी ८० लाख डॉलरना घेतला. २००३ मध्ये संघाने पुन्हा विजेतेपद मिळविले, पण २०१० च्या जानेवारीत महसूल वाटपाचा पैसा खेळाडूंवर खर्च होत नसल्याच्या तक्रारीवरून लीग व खेळाडू संघटनेशी वेतनवाढीचा समझोता करावा लागला. २०१२ मध्ये मायामीत मुख्यतः सार्वजनिक पैशांतून नवे स्टेडियम उभे राहिले. या व्यवहारावरील आणि करवाढीवरील रोषामुळे काउंटीच्या महापौरांना २०११ मध्येच मतदारांनी परत बोलावले होते. स्टेडियमचा पहिलाच हंगाम संपताच, नोव्हेंबर २०१२ मध्ये, महागडे खेळाडू एकगठ्ठा टोरांटोला देण्यात आले. २०१७ मध्ये लोरियाने संघ १२० कोटी डॉलरना विकला. नव्या मालकांनीही लगोलग जियानकार्लो स्टँटन आणि ख्रिश्चन येलिच यांना दुसरीकडे पाठविले. येलिच मिलवॉकीला गेला आणि २०१८ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मिलवॉकी हे मेजर लीगमधील सर्वांत लहान बाजारपेठेचे शहर आहे, ही बाब येथे ध्यानात घ्यावयास हवी.

तिसरे उदाहरण ओकलंडचे. २०२१ मध्ये ८६ सामने जिंकलेल्या संघातील मॅट ओल्सन, मॅट चॅपमन व शॉन मर्फी हे २०२२ या एका वर्षात अन्य संघांकडे गेले. पराभवांची संख्या २०२२ मध्ये १०२, तर २०२३ मध्ये ११२ झाली. २०२३ च्या प्रारंभी संघाचा वेतनखर्च ६ कोटी डॉलरच्या आत, म्हणजे सर्व संघांत सर्वांत कमी होता. आधी संघ दुबळा करावयाचा, त्यामुळे प्रेक्षक घटले की ते घटल्याचे कारण सांगून शहर सोडावयाचे, असा हा क्रम होता.

५. ‘लहान बाजारपेठ’ आणि ‘मनीबॉल’ : दोन युक्तिवादांची तपासणी

आमची बाजारपेठ लहान असल्याने न्यूयॉर्क वा लॉस एंजलिसशी बरोबरी शक्य नाही, हा मालकांचा नित्याचा युक्तिवाद आहे. त्यात तथ्यांश निश्चित आहे. डॉजर्स संघाने प्रचंड वेतनखर्चासह २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळविली, हे नाकारता येत नाही. परंतु ओकलंडच्या बाबतीत हा युक्तिवाद तग धरत नाही. सॅन फ्रान्सिस्को उपसागराचा परिसर हा अमेरिकेतील समृद्ध व मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे. म्हणूनच २०१६ च्या करारात ॲथलेटिक्सचा महसूल वाटपातील हिस्सा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले होते आणि तो २०२२ च्या करारात पुन्हा सुरू झाला. शिवाय हा संघ ज्या लास व्हेगासला निघाला आहे, ती दूरचित्रवाणीच्या दृष्टीने कितीतरी लहान बाजारपेठ आहे. लहान बाजारपेठेची तक्रार करीत त्याहून लहान बाजारपेठेकडे जाणाऱ्यास खरे आकर्षण कशाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

याहून निर्णायक पुरावा याच शहराच्या इतिहासात आहे. १९८० मध्ये हास कुटुंबाने फिन्लीकडून हा संघ सुमारे १ कोटी २७ लाख डॉलरना घेतला. त्यांनी खेळाडूंवर खर्च केला, स्थानिक शाळा व वस्त्यांशी संबंध जोडले. १९८८ ते १९९० अशी सलग तीन वर्षे संघ अंतिम मालिकेत पोहोचला आणि १९८९ मध्ये विजेता झाला. १९७९ मध्ये वर्षाला जेमतेम तीन लाख प्रेक्षक येत होते. १९९० मध्ये ती संख्या २९ लाखांवर गेली. शहर तेच, मैदान तेच. बदलला होता तो मालक. हास कुटुंबाला वार्षिक हिशेबात तोटा सोसावा लागला असे सांगितले जाते. परंतु १९९५ मध्ये संघ विकताना त्यांना सुमारे साडेआठ कोटी डॉलर मिळाले. तेव्हा चांगला संघ चालविणे म्हणजे दिवाळखोरी, हे समीकरणही पूर्णतः खरे नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक सूक्ष्म आहे आणि तो एका गाजलेल्या पुस्तकातून आला आहे. मायकेल लुईस यांच्या ‘मनीबॉल’ (२००३) या पुस्तकात ॲथलेटिक्सचे सरव्यवस्थापक बिली बीन यांनी संख्याशास्त्राच्या साहाय्याने दुर्लक्षित खेळाडू कसे हेरले, याची कथा आहे. २००२ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलर वेतनखर्चाच्या ओकलंडने १०३ सामने जिंकले. तिप्पट खर्च करणाऱ्या यँकीजनेही तितकेच जिंकले. पुस्तकाचे बौद्धिक मोल वादातीत आहे. तथापि एक समीक्षक म्हणून दोन आक्षेप नोंदवावेसे वाटतात. पहिला असा की, त्या यशात टिम हडसन, मार्क मल्डर, बॅरी झिटो हे तीन गोलंदाज आणि मिगेल तेहादा यांचा वाटा सर्वांत मोठा होता. पुस्तकाच्या नाट्यात तो मागे पडतो. दुसरा व महत्त्वाचा आक्षेप असा की, काटकसर ही परिस्थिती म्हणून स्वीकारलेली असते तेव्हा ती कल्पकतेला जन्म देते, पण तिला सद्गुण म्हणून मिरवू लागले की ती कंजुषीची ढाल बनते. पुस्तकाचा नायक व्यवस्थापक आहे. पैसा इतका कमी का, हा प्रश्न मालकाला कोणी विचारतच नाही. पुढील दोन दशकांत अनेक मालकांनी बीन यांची पद्धत उचलली आणि वाचलेली रक्कम मात्र संघात परत घातली नाही. तेहादा २००३ च्या हंगामानंतर बाल्टिमोरला गेला. ओकलंडला १९८९ नंतर विजेतेपद मिळाले नाही, ही त्या कथेची न लिहिलेली अखेर होय.

६. मालकांची बाजू आणि तिचे मूल्यमापन

निष्पक्ष विवेचनासाठी मालकांच्या बाजूचे तीन मुद्दे विचारात घेणे आवश्यक आहे. पहिला मुद्दा : पैसा ओतला म्हणून विजय मिळतोच असे नाही. न्यूयॉर्क मेट्सने २०२३ मध्ये तोपर्यंतचा विक्रमी वेतनखर्च करून ८७ सामने गमावले. उलट अल्प खर्चाचा टँपा बे रेज संघ २००८ व २०२० मध्ये अंतिम मालिकेत पोहोचला. हे मान्य केले तरी त्यातून निघतो तो निष्कर्ष ‘शहाणपणाने खर्च करा’ हा आहे, ‘खर्च करू नका’ हा नव्हे.

दुसरा मुद्दा पुनर्बांधणीचा. ह्यूस्टन ॲस्ट्रोजने २०११ ते २०१३ या तीन हंगामांत ३२४ सामने गमावले आणि २०१७ मध्ये विजेतेपद मिळविले. त्या विजेतेपदावर प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचा ठपका २०२० मध्ये आला, तरी तरुण खेळाडूंच्या बळावर संघ उभा राहिला हे खरेच. म्हणून प्रत्येक पराभूत संघाचा मालक नफेखोर ठरविणे अन्यायाचे होईल. पुनर्बांधणी आणि नफेखोरी यांतील भेद ओळखण्यासाठी प्रस्तुत लेखक तीन कसोट्या सुचवितो : (अ) वाचविलेला पैसा पुढे संघाकडे परत आला काय? (आ) पराभवाच्या काळाला काही मर्यादा आहे काय? (इ) मालकाने प्रेक्षकांना आपला हेतू खरेपणाने सांगितला काय? ह्यूस्टन पहिल्या दोन कसोट्यांना बऱ्याच अंशी उतरतो. दोन दशकांतील पिट्सबर्ग दुसऱ्या कसोटीवरच अडखळतो. लोरियाचे मार्लिन्स आणि २०२१ नंतरचे ओकलंड तिसऱ्या कसोटीला उतरत नाहीत.

तिसरा मुद्दा मालकी हक्काचा : संघ ही खासगी मालमत्ता आहे, तिचे काय करावे हे मालक ठरवील. हा मुद्दा कायद्याने बळकट पण नीतीने दुबळा आहे. जो व्यवसाय स्पर्धेपासून कायद्याचे संरक्षण घेतो, स्टेडियमसाठी करदात्यांचा पैसा घेतो, प्रतिस्पर्ध्यांच्या उत्पन्नात हिस्सा घेतो आणि शहराचे नाव छातीवर मिरवतो, त्याला गैरसोयीच्या प्रसंगी ‘केवळ खासगी’ होता येणार नाही. हिशेबांच्या पारदर्शकतेबाबतही हेच म्हणता येईल. अटलांटा ब्रेव्ह्जची कंपनी शेअर बाजारात असल्याने तिचे आकडे जाहीर होतात. बहुसंख्य संघांचे हिशेब मात्र बंद दाराआड राहतात, आणि तोट्याची तक्रार मात्र जाहीरपणे होते.

७. उपाययोजनांचा विचार

नियम बदलले तर वर्तन बदलते, याचा पुरावा ॲथलेटिक्सनेच दिला आहे. महसूल वाटपातून मिळणाऱ्या रकमेच्या किमान दीडपट वेतनखर्च असावा, अशी करारातील अपेक्षा आहे. ती न पाळल्यास खेळाडू संघटना तक्रार करील, अशी चर्चा सुरू झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये याच संघाने लुइस सेव्हेरिनो या गोलंदाजाशी तीन वर्षांसाठी ६ कोटी ७० लाख डॉलरचा, आपल्या इतिहासातील तोवरचा सर्वांत मोठा करार केला. जो पैसा ओकलंडमध्ये ‘नव्हता’ तो सॅक्रामेंटोच्या तात्पुरत्या मैदानावर उपलब्ध झाला. संघटनेने २०१८ मध्येही चार संघांविरुद्ध अशी तक्रार केली होती. अशा तक्रारी वर्षानुवर्षे रेंगाळतात, ही त्या मार्गाची मर्यादा आहे. २०२२ च्या करारात पहिल्या सहा नव्या खेळाडूंच्या निवडीसाठी सोडत आणली गेली, जेणेकरून तळाशी राहण्याचा मोह कमी व्हावा. हा उपाय स्वागतार्ह असला तरी तो बक्षीस कमी करतो, नफा नव्हे.

किमान वेतनखर्चाची सक्ती हा सरळ उपाय अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे. आपल्या इंडियन प्रीमियर लीगमध्येही लिलावाच्या निधीवर कमाल मर्यादा असून त्यापैकी किमान ७५ टक्के रक्कम खर्च करण्याचे बंधन आहे. मात्र बेसबॉलमध्ये मालक किमान मर्यादेच्या बदल्यात कमाल मर्यादा मागतात आणि खेळाडू संघटना ती नाकारते. १९९४ च्या संपाच्या मुळाशी हाच वाद होता आणि त्यापायी त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली. म्हणून अधिक व्यवहार्य मार्ग असा दिसतो की, महसूल वाटपाचा हिस्सा कामगिरी व प्रत्यक्ष वेतनखर्चाशी जोडावा, आणि सार्वजनिक निधी घेणाऱ्या संघाने हिशेब जाहीर करावेत.

८. निष्कर्ष

(१) नफ्यासाठी संघ मोडण्याची प्रवृत्ती नवी नाही. परंतु मॅकच्या काळी ती बहुधा निर्वाहासाठी होती, आज ती निश्चिंतीतून येते. (२) महसूल वाटप, स्वस्त तरुण खेळाडू, मर्यादित संघसंख्या व सार्वजनिक निधी यांमुळे पराभवाची आर्थिक शिक्षा जवळजवळ नाहीशी झाली आहे. (३) ‘लहान बाजारपेठ’ हे काही ठिकाणी कारण, तर काही ठिकाणी निमित्त आहे. ओकलंडचा हास कालखंड आणि मिलवॉकीची कामगिरी हे त्याचे पुरावे होत. (४) एकाच रचनेत हास आणि लोरिया दोघेही झाले, यावरून रचना मोह निर्माण करते, पण त्याला बळी पडणे अपरिहार्य नसते.

हा प्रश्न केवळ परक्या देशातील एका खेळाचा आहे, असे वाचक प्राध्यापकांना वाटणार नाही, अशी अपेक्षा आहे. विद्यार्थ्याने एकदा प्रवेश घेतला की त्यालाही प्रेक्षकाप्रमाणे सहजासहजी दुसरीकडे जाता येत नाही. एखादी संस्था पूर्ण शुल्क घेऊन अध्यापनाचे काम तासिका तत्त्वावरील तुटपुंज्या मानधनाच्या शिक्षकांवर निभावून नेते आणि शिल्लक रकमेतून इमारतीचा पुढचा मजला चढविते, तेव्हा तिचे अर्थशास्त्र ओकलंडच्या मालकापेक्षा फारसे निराळे नसते. ज्यांची निष्ठा गृहीत धरता येते, त्यांच्याशी आपण कसे वागतो, यावरच कोणत्याही संस्थेची खरी परीक्षा होते. २७,७५९ प्रेक्षकांनी त्या रात्री तिकिटाचे पैसे मोजून हेच सांगितले होते. ज्याला उद्देशून सांगितले, त्याने ते ऐकण्याचे त्याच्यावर कोणतेही बंधन नव्हते. आणि या लेखातील टीकेचा मुख्य रोख त्या बंधनाच्या अभावावरच आहे.